उरलंसुरलं ते कस्टम

मुंबईतल्या शाळकरी संघातून एफआरसी खेळून आलेला एक मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आला आणि पहिल्याच महिन्यात रोबोकॉनच्या लॅबमध्ये येऊन बसायला लागला. मी तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी जातो. पगारी नाही, हौस म्हणून. त्या दिवशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्लॅस्टिकच्या टबात तांब्याचा मुलामा असलेली पाटी हलवत बसली होती. चकचकीत कागदावर सर्किटची लेझर प्रिंट काढायची, ती तांब्यावर पालथी घालायची, वरून कपड्यांची इस्त्री फिरवायची, मग कागद पाण्यात भिजवून बोटांनी चोळून काढायचा. काळी शाई तांब्याला धरून राहते. ती पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात टाकली की शाईखालचं तांबं वाचतं, बाकीचं विरघळतं. बोटांना आणि फरशीला पिवळे डाग पडतात ते पडतातच. मुलाने दोन मिनिटं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "सर, हे अलाउड आहे?"

मला वाटलं रसायनाची भीती वाटतेय. तसं नव्हतं. स्वतःच्या हाताने केलेलं सर्किट स्पर्धेच्या रोबोटवर चालतं का, असं त्याला विचारायचं होतं. हा मुलगा हुशार. जावात कोड सफाईने लिहायचा, कॅन बसची वायरिंग डोळे मिटून केली असती. पण मोटर कंट्रोलरच्या आत काय असतं ते त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. खोक्यातून काढायचा, चार वायरी जोडायच्या, झालं. उघडायचा प्रश्नच नाही. उघडून आत काही बदललं तर तपासणीत बाद.

त्या दिवशी त्या मुलीची पाटीही बिघडली. छपाईत डावं-उजवं उलट झालं होतं, त्यामुळे चिप वरून बसेना. तिने ती तांब्याच्या बाजूनेच बसवली आणि तशीच डाखली. चालली. पण तो "अलाउड आहे का" माझ्या डोक्यातून गेला नाही. बनवायचं कसं, हे विचारायच्या आधी चालेल का, हे विचारायला अठरा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवलं?

एफआरसी म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. डीन केमन या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा घेतली. आज ती जगभर खेळली जाते, मुंबईतली शाळकरी मुलंही त्यात उतरली आहेत. तिच्या नियमपुस्तकात 'कस्टम सर्किट' अशी एक संज्ञा आहे आणि तिची व्याख्या वजाबाकीने केलेली आहे. बॅटरी, मुख्य ब्रेकर, वीज वाटणारा बोर्ड, नियंत्रक संगणक, यादीतले मोटर कंट्रोलर, मोटर, रेडिओ अशी नावं घेऊन झाली की उरलेलं जे काही विजेवर चालतं ते सगळं कस्टम. दुकानातून आणलेला सेन्सर कस्टम, एलईडीची पट्टी कस्टम, रास्पबेरी पाय कस्टम, आणि इस्त्रीने छापलेली पाटीही कस्टम. सोसायटीच्या जमाखर्चात शेवटी 'इतर' नावाची ओळ असते, तसंच हे. मराठी कानाला कस्टम म्हटलं की विमानतळावरचे कस्टमवाले आधी आठवतात; त्यांचाही या गोष्टीत हात आहे, पुढे येईल.

या 'इतर'ने काय करू नये, हे तिथे नेमकं सांगितलेलं आहे. बॅटरीपासून वाटप बोर्ड, तिथून मोटर कंट्रोलर आणि तिथून मोटर हा जो विजेचा मार्ग, त्यात त्याने मध्ये यायचं नाही. २४ व्होल्टच्या वर दाब निर्माण करायचा नाही. मोजमाप करायला हरकत नाही, मात्र त्या मोजमापाने रोबोटच्या हालचालीत फरक पडता कामा नये. म्हणजे बघा, ऐका, मोजा, दिवे लावा, हिशेब करा. स्नायूंना हात लावू नका. व्हेक्सची शालेय स्पर्धा याहून कडक आहे. मेंदू, म्हणजे नियंत्रक संगणक, त्यांचा, मोटरी त्यांच्या, सेन्सर त्यांचे, बाहेरचं इलेक्ट्रॉनिक्स जवळपास काहीच नाही. त्यांच्याच विद्यापीठ गटात मात्र सेन्सर आणि गणनेची बंधनं उठतात, मोटरी तेवढ्या त्यांच्याच मेंदूला जोडाव्या लागतात. आणि आमच्या रोबोकॉनमध्ये जवळजवळ रान मोकळं. बॅटरी २४ व्होल्टच्या आत, हवेचा दाब ६०० किलोपास्कलच्या आत, रोबोटवर लाल आणीबाणीचं बटण, आकार-वजनाच्या मर्यादा. बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब.

माझं म्हणणं लपवून ठेवत नाही. विजेच्या मार्गावरची बंदी रास्त आहे, निदान शाळेच्या वयाला. त्यापलीकडच्या बंद्या बहुतेक तपासणीच्या कंटाळ्यातून येतात आणि अंगावर समानतेची शाल पांघरतात. आणि रोबोकॉनसारखं मोकळं रान दिलं म्हणजे मुलं आपोआप शिकतात, हा आमचा पुणेरी अभिमानही तितकाच पोकळ आहे.

आधी रास्त काय ते. मोटर पुढे-मागे फिरवायला एच-ब्रिज लागतो: चार इलेक्ट्रॉनिक स्विच, मॉसफेट म्हणतात त्यांना, इंग्रजी एच अक्षरासारखे मांडलेले. तिरके दोन चालू केले की मोटर एका दिशेला, दुसरे तिरके दोन चालू केले की उलट. एकाच बाजूचे वरचा-खालचा दोन्ही चुकून क्षणभर एकदम चालू झाले तर बॅटरीची दोन टोकं सरळ एकमेकांना भिडतात. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी काही मायक्रोसेकंदांची फट ठेवायची असते. ही फट चुकली की मॉसफेट जातो. तो कसा जातो, हे अनेकांना माहीत नसतं. बल्बसारखा विझून जात नाही. बहुतेक वेळा तो आतून चिकटतो आणि कायमचा चालू राहतो. वरून कोड 'थांब' म्हणत असतो, खाली मोटरला पूर्ण वीज मिळत असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका संघाने ड्रायव्हर बोर्ड स्वतः केला होता, आणि रोबोटवर नियमाप्रमाणे लालभडक बटणही होतं. टेस्टिंगच्या वेळी डाव्या चाकाचा ब्रिज चिकटला, रोबोट जागच्या जागी गरगरायला लागला. मुलाने धावत जाऊन बटण दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. रोबोट फिरत फिरत लोखंडी कपाटावर जाऊन आदळला आणि बॅटरीची वायर उपटली गेली, तेव्हा थांबला. नंतर पाहिलं तर बटणाच्या दोन वायरी मायक्रोकंट्रोलरच्या पिनला गेल्या होत्या. बटण दाबलं की मायक्रोकंट्रोलर अत्यंत आज्ञाधारकपणे सगळ्या मॉसफेटना बंद व्हायला सांगत होता. जो मेला तो ऐकणार कसा? बटणाने बॅटरीच तोडायला हवी होती. बटण होतं, लाल होतं, नियमात बसत होतं. मुलाच्या पोटरीला लागलं ते थोडक्यात भागलं. करपलेल्या इपॉक्सीचा वास खोलीत दोन दिवस होता.

एफआरसीचा रोबोट पन्नास-पंचावन्न किलोचा असतो, पोरं चौदा ते अठरा वर्षांची, आणि एका मैदानावर सहा रोबोट एकमेकांना धडका देत असतात. पंचाने बंद म्हटलं की सहाही थिजले पाहिजेत. तिथे मोटर कंट्रोलर यादीतलाच हवा, यावर माझं भांडण नाही. यादीतलाही जळतोच, पण तो हजारो संघांनी आधी जाळून पाहिलेला असतो, आणि जळल्यावर काय करतो ते माहीत असतं. मैदानावर या माहितीला मोल आहे.

भांडण सुरू होतं ते समानतेचा मुद्दा येतो तिथे. सगळ्यांना एकच मेंदू, त्याच मोटरी, तेच सेन्सर दिले की स्पर्धा कल्पकतेची होते, बापाच्या पैशांची नाही, असा तो युक्तिवाद. ऐकायला गोड आहे. त्याचं मूळही चांगल्या घरातलं आहे. एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक होते, फर्स्टच्या स्थापनेपासून केमन यांच्याबरोबर. ते तिथे २.७० हा डिझाइनचा विषय शिकवायचे. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखंच खोकं मिळायचं, आत किरकोळ सटरफटर सामान, आणि त्यातून दिलेलं काम करणारं यंत्र करून आणायचं. शेवटी सगळ्यांची स्पर्धा. 'सगळ्यांना सारखंच' ही कल्पना तिथली. पण त्या खोक्यात कच्चा माल होता. मर्यादा मालावर होती, त्याचं काय करायचं यावर नव्हती. सटरफटर सामानाचं खोकं आणि तयार मेंदूचं खोकं यांना एकच शब्द आहे म्हणून त्यांचं तत्त्वही एकच, असं कसं धरायचं? पहिल्यात दोन मुलांमधला फरक त्यांच्या हातांतून येतो. दुसऱ्यात बराचसा फरक आपण आधीच मिटवून टाकलेला असतो, आणि जो उरतो तो मोटरी जास्त कुणाकडे आहेत आणि सरावाचं मैदान कुणाच्या तळघरात आहे, याचा.

बरं, सारखं म्हणजे कुणाला सारखं? अमेरिकेतल्या शाळेला डॉलरमधली किंमत पडते. इथल्या शाळेला तीच किंमत, वर विमानाचं भाडं, वर सीमाशुल्क, आणि एखादा भाग स्पर्धेच्या आधी दहा दिवस जळला तर दुसरा येईपर्यंत देव पाण्यात. हे ते कस्टमवाले. तेवढ्या वेळात पोरगा तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन-अडीचशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि प्रकाशाचा सेन्सर घेऊन आला असता, आणि रात्रीत जोडला असता. व्हेक्ससारखा नियम त्याला नाही म्हणतो. का? तर समानतेसाठी. ज्याच्याकडे पैसा कमी आणि हात चालतात, त्याचा एकुलता एक हुकूम काढून घ्यायचा आणि त्याला समानता म्हणायचं.

एकाच कंपनीच्या डब्यावर शाळेचा सगळा डोलारा उभा करण्यात आणखी एक धोका असतो, तो लेगोने दाखवून दिला. माइंडस्टॉर्म्सवर जगभरच्या मुलांची एक पिढी वाढली. एनएक्सटी २००६ चा, ईव्ही३ २०१३ चा. २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की माइंडस्टॉर्म्स बंद. कंपनीच्या हिशेबाने बरोबरच असेल, तिने काही आयुष्यभराचं वचन दिलं नव्हतं. पण ज्या शाळेने ते संच वर्गणी काढून घेतले होते तिच्याकडे आता सुट्या भागांची वाट बघणारं कपाट उरलं. जिने साधा सेन्सर, साधी वायर आणि मल्टिमीटर हातात घ्यायला शिकवलं होतं, तिचं शिकवणं कुठल्या कंपनीला बंद करता आलं नसतं.

आपल्याकडे याची एक गमतीदार विसंगती आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्या लॅबमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांनी आर्डुइनो, सेन्सर, ब्रेडबोर्ड, डाखणी हाताळावी अशीच अपेक्षा असते. सातवीतली मुलगी तिथे मातीतला ओलावा मोजायचं सर्किट करते. तीच मुलगी नामांकित आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरते तेव्हा तिला सांगतात, ते घरी ठेव, आमचा मेंदू घे.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की मी रोबोकॉनचा झेंडा घेऊन उभा आहे. आहेही, थोडासा. २००२ मध्ये टोकियोत एबीयू रोबोकॉन सुरू झाली. आपल्याकडे ती दूरदर्शनमुळे आली. २००८ आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय फेरीचं यजमानपद पुण्याकडे होतं. २००८ चा विषय तर आपल्या दहीहंडीवरून घेतलेला, गोविंदा. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात देशोदेशींचे रोबोट लोण्याच्या हंडीसाठी धडपडताना पाहिलं आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी त्या रात्री मनाशी ठरवलं की हेच करायचं. तिथे मोटर ड्रायव्हरपासून सगळं स्वतःचं. म्हणजे निदान तसं सांगितलं जातं.

दोन वर्षांपूर्वी मी एका संघाचा बोर्ड हातात घेतला, आमचा नव्हे, ओळखीच्या कॉलेजचा. सुंदर काम. हिरवा, चार थरांचा, कोपऱ्यात कॉलेजचा लोगो. मी विचारलं, हा इथला कपॅसिटर कशासाठी? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बरं, बॅटरी उलटी लागली तर काय होईल? "लागत नाही सर, कनेक्टरच तसा आहे." आणि कनेक्टरच उलटा डाखला तर? मग खरं बाहेर आलं. बोर्ड चार वर्षांपूर्वीच्या एका सीनियरने केला होता. तो आता परदेशात. डिझाइनची फाइल त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती, लॅपटॉप विकला. हे लोक दर वर्षी जुन्या गर्बर फाइल, म्हणजे बोर्ड छापायच्या फाइल, चीनला पाठवून नवे पाच बोर्ड मागवतात, बसवतात आणि जिंकतात. त्यांच्या दृष्टीने तो बोर्ड म्हणजे काय? यादीतल्या मोटर कंट्रोलरसारखाच बंद डबा; फरक इतकाच की त्याला मॅन्युअल नाही, वॉरंटी नाही आणि विचारायला कंपनी नाही. मोकळ्या नियमाने त्यांना काय शिकवलं? ज्या कॉलेजकडे असा एखादा सीनियर होऊन गेला त्यांची घराणी होतात, आणि पहिल्यांदा उतरणारं विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं कॉलेज साखळीतच गारद होतं. पैशांची विषमता घालवली आणि वारशाची आणून बसवली. मला ती जास्त बरी वाटते असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही.

नियम करणाऱ्याची खरी अडचण इथे दिसते. त्याला हवी असते समज: मुलाला आपल्या यंत्रात काय चाललंय ते कळावं. पण समज नियमात कशी लिहायची? वस्तू लिहिता येते. भागाचा क्रमांक, व्होल्ट, अँपिअर, वायरीची जाडी. म्हणून तो वस्तू लिहितो. कडक नियम म्हणतो ही वस्तू हवी. मोकळा नियम म्हणतो कुठलीही वस्तू चालेल. दोघंही वस्तूबद्दलच बोलत राहतात. फेरिक क्लोराइडसमोरची मुलगी आणि चीनहून मागवलेला बोर्ड बसवणारा संघ रोबोकॉनच्या नियमात एकाच रांगेत उभे असतात.

आणि कडक नियम वस्तूंपुरता तरी पुरेसा पडतो का? २०१२ च्या सेंट लुइसमधल्या एफआरसी अजिंक्यपदाची गोष्ट अजून सांगितली जाते. अंतिम सामन्यांच्या मैदानाला तिथे आइन्स्टाइन म्हणतात. त्या दिवशी आइन्स्टाइनवर जगातले उत्तम रोबोट खेळ चालू असताना एकाएकी मरायला लागले. सगळ्यांचा रेडिओ तोच, मैदानाची वाय-फाय यंत्रणा तीच, नियंत्रक तोच. संस्थेने चौकशी केली, संघांना रोबोटसकट बोलावून चाचण्या घेतल्या आणि त्याच वर्षी अहवाल खुला केला. निघालं काय? एका माणसाने साध्या मोबाइल फोनवरून रोबोटच्या नेटवर्कला जोडायचा प्रयत्न करून मुद्दाम जोडणी तोडली होती. चुकीचा पासवर्ड दिला तरी यंत्रणा खऱ्या रोबोटलाच बाहेर काढायची, असा तो दोष. पण सगळा दोष त्याच्या माथी मारून अहवाल थांबला नाही. काही रोबोट वेगळ्याच, आपापल्या कारणांनी मेले होते, तेही त्यात रोबोटगणिक मांडलं आहे.

या गोष्टीतून दोन्ही बाजूंना आपापलं उचलता येतं. एकसारखी यंत्रणा होती म्हणूनच इतका बारीक तपास करता आला. प्रत्येकाचा रेडिओ घरचा असता तर त्या अहवालाचं पहिलं पानही लिहून झालं नसतं. हे मला मान्य करावं लागतं. पण एकसारखी असल्यामुळेच एका फोनवाल्याला सगळं मैदान सापडलं, हेही तितकंच. यादीने सुरक्षितता आली नव्हती, सुरक्षिततेची खात्री तेवढी आली होती. मला त्या प्रकरणात आवडतो तो अहवाल. काय झालं, का झालं, कुणाच्या वायरीत झालं ते उघड लिहिणं.

मग नियम लिहावा तरी कसा? याचं उत्तर मला रोबोटवाल्यांकडे सापडलं नाही, गाडीवाल्यांकडे सापडलं. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये कॉलेजची मुलं शर्यतीची गाडी बनवतात. आपल्याकडे कोइम्बतूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला भारत होते, तिथे पुण्या-मुंबईचे संघ नेमाने जातात. विजेवरच्या गाडीसाठी त्यांच्या नियमांत एक छोटं सर्किट सक्तीचं आहे, बीएसपीडी म्हणतात. काम एवढंच: चालकाने ब्रेक जोरात दाबलेला असताना मोटरकडे ५ किलोवॉटहून जास्त शक्ती जात असेल आणि ही स्थिती अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकली, तर गाडीची वीज तोडायची. कारण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी म्हणजे काहीतरी अडकलंय. आणि पुढची अट माझी लाडकी: या सर्किटात प्रोग्रॅम करता येणारा एकही भाग नको. मायक्रोकंट्रोलर नाही, कोड नाही. तुलना करणारी साधी चिप, रोधक, धारित्र, रिले.

या नियमाची घडण बघा. कुठल्या कंपनीचा भाग, ते तो सांगत नाही. काय घडता कामा नये आणि किती वेळात थांबलं पाहिजे, ते सांगतो. कोड अडकू शकतो म्हणून कोड नको, असं अटीचं कारणही तिच्यातच दिसतं. आणि तपासणीत संघाला ते चालवून दाखवावं लागतं. आमच्या त्या लाल बटणाला असा नियम असता, म्हणजे बटण लाल हवं एवढंच न म्हणता 'मोटर ड्रायव्हर चालू स्थितीत चिकटला असं धरून बटण दाबून दाखवा' असं म्हटलं असतं, तर आमची चूक कपाटावर आदळण्याआधी टेबलावरच कळली असती. इथे कस्टम इलेक्ट्रॉनिक्स हा धोका नाही, सुरक्षेचं साधनच ते आहे, आणि ते मुलांनीच करायचं आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विजेच्या मार्गावर शाळेच्या वयात यादी राहू द्या. बाकी सर्व पाट्यांना परवानगी द्या, एका अटीवर: तपासणीच्या टेबलाशी संघातला कुणीही एक, कॅप्टन नव्हे, तपासनीस बोट दाखवेल तो, कोऱ्या कागदावर त्या पाटीचं चित्र काढेल आणि 'हे तुटलं तर काय होईल' याची दोन उत्तरं देईल. देता आली नाहीत तर पाटी काढा. विकत आणलेली असली तरी हाच न्याय. यादीतला कंट्रोलर असला तरी हाच. आपल्याकडे याला तोंडी परीक्षा म्हणतात आणि प्रत्येक इंजिनिअरने ती दिलेली असते, बहुतेकांनी घाबरत.

यावरचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण मी स्वतः तपासनीस म्हणून उभा राहिलो आहे. एका सकाळीत तीस-चाळीस रोबोट, तपासणारे सगळे स्वयंसेवक, निम्म्यांनी चहासुद्धा घेतलेला नसतो. वजन, माप, बटण, फ्यूज, स्टिकर, पुढचा. त्यात चित्रं कोण बघणार? शिवाय एक तपासनीस सढळ, दुसरा खडूस. भागाच्या क्रमांकाचं तसं नसतं, तो यादीत असतो किंवा नसतो. आणि बोलण्याचा प्रश्न. सांगलीच्या मुलीला आपला बोर्ड आरपार कळतो, पण इंग्रजीत विचारलं की ती गप्प होते, आणि इंग्रजी शाळेतला पोपट कळल्याशिवाय घडाघडा बोलतो. हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. कागदावर चित्र काढायला लावायचं ते त्याचसाठी. चित्राला भाषा लागत नाही, आणि पोपटाला चित्र काढता येत नाही. वेळेचा आक्षेप मात्र मी फारसा मनावर घेत नाही. ज्या स्पर्धेला उद्घाटनाच्या भाषणांना दीड तास सापडतो तिला पाटीमागे तीन मिनिटं सापडतील.

तपासनीस सढळ किंवा खडूस असतो हे खरंच. पण यादीचा नियमसुद्धा वाटतो तितका कोरडा नसतो. तो मुंबईचा मुलगा, त्याच्या नियमपुस्तकात घरच्या सेन्सर-पाटीला बंदी नव्हतीच. मी त्याला ते कलम काढून दाखवलं, तर तो चकित झाला. संघात कुणी कधी ते केलं नव्हतं. इतक्या लांब, इतका खर्च करून जायचं आणि टेबलाशी कुणी 'हे काय?' म्हणालं तर? त्यापेक्षा विकतचं बरं, त्याच्यावर छाप असतो. नियम जेवढं मना करतो त्याहून कितीतरी जास्त मुलं आपणहून सोडून देतात. कॅमेऱ्याचंही तसंच झालं. लक्ष्य ओळखायला संघ आधी रास्पबेरी पायवर स्वतः कोड लिहायचे. मग तयार कॅमेरा बाजारात आला, लावला की चालतो, आणि हळूहळू तोच रिवाज झाला. बंदी घालायचीही गरज पडली नाही. मी त्यांना दोष देत नाही. मोजक्या आठवड्यांत रोबोट उभा करायचा म्हटलं की मीही तोच घेतला असता.

गेल्या महिन्यात मी आमच्या संघावर हा प्रयोग केला. स्पर्धेच्या तपासणीआधी घरची तोंडी. रोबोटवर सात पाट्या, प्रत्येकीसाठी चिठ्ठी काढून एक जण, पांढरा फळा, आणि खडूऐवजी मार्कर. चौघांनी व्यवस्थित काढलं. त्यांत तो मुंबईचा मुलगाही होता. त्याने रेषा ओळखणाऱ्या सेन्सरची पाटी स्वतः इस्त्रीने छापली होती, रोधकाची किंमत का बदलली तेही सांगितलं, आणि मध्येच थांबून स्वतःचीच एक चूक शोधली. तीन पाट्यांपाशी गाडी अडली. दोन आम्ही काढल्या. एकीच्या जागी वायर जोडली, दुसरीच्या जागी विकतचा बोर्ड लावला. तिसरी वीज वाटणारी, सगळ्यांत महत्त्वाची, चार वर्षं जुनी. जिने ती केली ती जर्मनीत एमएस करतेय. तिला मेसेज केला, तिने मध्यरात्री फोटो मागितले, म्हणाली, सर, मला नीट आठवत नाही, पण त्या कोपऱ्यात फ्यूजच्या आधी काहीतरी लावलं होतं, ते काढू नका.

सामना नऊ दिवसांवर होता. ती पाटी अजून रोबोटवर आहे.